जर्मनीहून आलेली रेकॉर्ड

“ही बाई अजून किती वेळ रडणार आहे गं?” सासूबाई वैजयंतीच्या कानाशी कुरकुरल्या.

दीर हेरंब आजारी भावासाठी जर्मनीहून ऑपेराची रेकॉर्ड घेऊन आला होता आणि आता तीच वाजत होती. परवा वैजयंती नवऱ्याला किडनी देणार होती. तिची बॅगही भरून झाली होती. घरात तिचं इतकं कौतुक झालं, की हेरंबनेही केलेल्या तपासणीच्या रिपोर्टचा विषय कुणी काढलाच नाही.

“मूळ ग्रीक शोकांतिका आहे, आई,” हेरंब रंगात येऊन सांगू लागला. “राजाला वाचवायचं तर त्याच्याऐवजी कुणीतरी मरायला हवं. सगळे मागे सरतात. शेवटी राणीच तयार होते.”

सासूबाईंनी उठून आवाज बारीक केला.

“त्या राजाला भाऊ नव्हता?”

“गोष्टीत नाही.”

“आपल्याकडे आहे,” सासूबाई म्हणाल्या. “आणि त्याचीही किडनी जुळली आहे.”