‘च’ची भाषा

"हे कुठल्या भाषेत लिहिलंय?" कचेरीतल्या मॅडमनी छापील कागद माझ्यापुढे सरकवला. त्यावर माझ्या धाकट्या बहिणीचा, वैजूचा मेसेज होता: "चठगा चपडलीसा. चईलाआ चगूसां चकोसन."

नव्या कायद्याने सरकारला कुलूपबंद मेसेजही उघडता येऊ लागले, तेव्हापासून आम्ही दोघी खासगी गोष्टी लहानपणीच्या ‘च’च्या भाषेत लिहायचो. शब्दाचं पहिलं अक्षर शेवटी न्यायचं, सुरुवातीला च लावायचा, एवढीच तिची किल्ली. पण माझं सिमकार्ड आईच्या नावावर. त्यामुळे सांकेतिक मजकुराची नोटीस तिला आली, आणि आता ती माझ्या शेजारीच बसली होती.

वैजूने लिहिलं होतं, गाठ सापडली, आईला सांगू नकोस.

"लाडवांची कृती आहे," मी म्हणाले.

"आजी, तुम्ही सांगा." मॅडमनी कागद आईकडे वळवला.

आईने चष्मा लावला. ओठ हलवत एकेक शब्द वाचला. मग पुन्हा पहिल्यापासून.

"लाडवांचीच हो," ती म्हणाली. "पाक बिघडला की विचारतात एकमेकींना. ही भाषा मीच शिकवली पोरींना."

मॅडमनी तसं लिहून तिची सही घेतली.

जिन्यात मी "आई, अगं..." म्हणताच तिने माझ्या हातातल्या फोनकडे बोट दाखवलं. मग कठड्याला घट्ट धरून हळूच विचारलं,

"चठगा चठेकु?"

मी नुसता स्वतःच्या छातीवर, डावीकडे हात ठेवला.