चंद्रापुढची रोहिणी

अर्धा चंद्र रोहिणीवर सरकला, तरी रोहिणी त्याच्या काळ्या भागावर लखलखतच राहिली. गच्चीत ताराचष्मा लावून बसलेल्या मनवाच्या कपाळावर आठी पडली.

"सुहृद, तारा चंद्राच्या पुढे कसा येईल?"

"चष्म्याचं अपडेट राहिलं असेल," तिचा नवरा घाईने म्हणाला. ताराचष्मे त्याचीच कंपनी बनवायची. खरंच आकाश दिसतं, चष्मा फक्त मधला धूर पुसतो, असं तो सर्वांना सांगे.

मनवाने चष्मा काढला. गुलाबी नीहारिका आणि आकाशगंगा क्षणात नाहीशा झाल्या. मळकट आकाशात एकटा चंद्र उरला.

"आकाशगंगा तरी खरी होती ना रे?"

सुहृदने नकारार्थी मान हलवली. "जुन्या फोटोंवरून रंगवलीय. या धुरातून काहीच दिसत नाही गं आता."

तिचा त्यावरही विश्वास बसला नाही. रोहिणी जिथून बाहेर यायला हवी त्या चंद्राच्या उजळ कडेकडे ती उघड्या डोळ्यांनी पाहत उभी राहिली. तासाभराने कडेबाहेर एक फिकट नारिंगी ठिपका आला.

"आली बघ!"

सुहृदनेही आपला चष्मा काढला. त्याला काही केल्या ती सापडेना. शेवटी मनवाने त्याचं बोट धरून रोहिणीकडे वळवलं.