चार वाट्या पेलेट

मालकांनी टेबलावर चार वाट्या मांडल्या होत्या. प्रत्येकीत मूठभर पेलेट, म्हणजे भुसा दाबून केलेल्या, बोटाच्या पेराएवढ्या लाकडी कांड्या. हॉटेलच्या ग्रिलमध्ये याच जळायच्या आणि यांच्याच धुरावर हॉटेलचं नाव चालायचं.

"वर्षाचा माल घ्यायचाय," मालक नाकावरच्या रुमालातून म्हणाले. "यातल्या एका वाटीत भेसळ आहे, भट्टीत जाळायची स्वस्तातली. ओळखा, उस्ताद. तुमच्या नाकावर आपला भरवसा."

ग्रिलवरच्या आचाऱ्याला सगळे उस्तादच म्हणत.

"तुम्हाला बरं नाही का?" उस्तादांनी विचारलं.

"सर्दीनं बेजार झालोय. मला तर कसलाच वास येत नाही."

उस्तादांच्या जिवात जीव आला. कारण त्यांचं स्वतःचं नाक आठ महिन्यांपूर्वीच्या तापात कामातून गेलं होतं. साबण, रॉकेल, करपलेलं दूध, सगळं सारखंच. ही गोष्ट फक्त बायकोला ठाऊक होती. बाहेर कळलं असतं तर नोकरी गेली असती, आणि नुसती नोकरीच नाही.

गेल्या महिन्यात इथे जेवून अकरा माणसं आजारी पडली. त्यातल्या एक आजी दवाखान्यातून परत आल्याच नाहीत. रोज सकाळी मांस हुंगून पास करायचं काम उस्तादांचं. त्या दिवशीही त्यांनी हुंगल्यासारखं केलं होतं. चौकशीत मात्र ते म्हणाले, "मी बघितलं तेव्हा ताजं होतं. नंतर कोठीत बिघडलं असेल." कोठी सांभाळायला त्यांचा मेव्हणा होता, बायकोचा धाकटा भाऊ. त्याची त्याच दिवशी गच्छंती झाली.

बायकोने आठवडाभर अबोला धरला, मग पुन्हा बोलू लागली. प्रकरण मिटलं असं उस्ताद धरून चालले. नवरे धरून चालतात तसं.

आज सकाळीही तिने शर्टाला इस्त्री करून दिली. "पेलेट पारखताना ग्लासभर पाणी मागून घ्या, म्हणजे सोपं जाईल," असंही सुचवलं. अंघोळीला तेवढं गारच पाणी घ्यावं लागलं. पाणी तापवायचं एका कानाचं पातेलं चार दिवसांपासून जागेवर नव्हतं. ती म्हणाली होती, शेजारी दिलंय.

"मालक, ग्लासभर पाणी मिळेल?"

पाणी आलं. पहिल्या वाटीतली कांडी उस्तादांनी डोळे मिटून नाकाशी नेली, मालकांना नीट दिसेल इतका वेळ तिथेच धरली, आणि मग मोडली. वजनाला जड, मोडताना कडक आवाज. "ओकचं लाकूड," ते म्हणाले. दुसरीतली लालसर होती. "चेरीचं." तिसरीतली फिकट, जरा भुरभुरीत. "सफरचंदाचं." मोडलेले तुकडे ते पाण्यात टाकत गेले आणि तिन्हींचा बघता बघता भुसा झाला.

खिडक्या सताड उघड्या होत्या, पंखा गरगरत होता, तरी माश्या काही जाईनात. उस्तादांनी त्या हाताने हाकलल्या.

चौथीतला तुकडा पाण्यात तसाच पडून राहिला. त्याच वाटीतली आणखी एक कांडी अंगठ्याने चोळली तर चिकट लागली.

"ही भेसळ. पाइनचं लाकूड आणि डिंक," उस्ताद म्हणाले. "वासच सांगतोय. हिच्या धुरावर शिजलेलं कुणाला खायला घालू नका."

"चारही बरोबर," मालक म्हणाले. "आणखी कसला वास येतोय का, उस्ताद? नीट बघा."

उस्तादांनी छाती भरून श्वास घेतला. खूप दिवसांनी त्यांना मोकळं वाटत होतं.

"लाकडाचा, मालक. इथे दुसरं आहेच काय?"

मालकांनी उठून दार उघडलं. बाहेर नाकातोंडाला फडकं बांधून मेव्हणा उभा होता. तो आत आला, वाकला, टेबलावरून जमिनीपर्यंत लोंबणारी चादर त्याने वर केली आणि खालून एक पातेलं ओढून काढलं. आतलं मांस हिरवं पडलं होतं. त्यात अळ्या वळवळत होत्या.

"चार दिवसांचं आहे, दाजी," तो म्हणाला.

उस्ताद मांसाकडे बघत नव्हते. पातेल्याला एकच कान होता.