घाटीतला डबा

वरून येणाऱ्या एसटीला वाट द्यायला शार्दूलने घाटीच्या पायथ्याशी गाडी थांबवली मात्र, मागची दोन्ही दारं फटाफट उघडली. एकातून उमा उतरली, दुसऱ्यातून त्याची बहीण वैदेही.

"आई, नवी गाडी आहे ही," शार्दूल म्हणाला. "पाच माणसं घेऊन चढते."

"चढू दे की. आम्ही कुठे नको म्हटलं?" उमाने पदर खोचला.

राजाभाऊ पुढच्या सीटवर मांडीत नारळ घेऊन बसले होते. मुलाने गाडी घेतली म्हणून चौघं गणपतीपुळ्याला पाया पडायला निघालेली, पण मांडवीचं घर सोडल्यापासून त्यांनी गाडीबद्दल चांगला शब्द काढला नव्हता, वाईटही नाही. आठच दिवसांपूर्वी त्यांची पहिली गाडी विकली गेली होती. अठ्ठ्याण्णव साली घेतलेली, सेकंडहँड, बदामी रंगाची. घरात तिला कपिला म्हणत. पहिल्याच खेपेला ही कपिला याच घाटीत धापा टाकत बंद पडली आणि चौघांना घेऊन मागे घसरायला लागली. तेव्हापासून पायथ्याशी तिघं मुकाट उतरायची आणि राजाभाऊ एकटे गाडी वर न्यायचे. असं नऊ वर्षं चाललं.

गिऱ्हाईक कपिलाला घेऊन गेलं तेव्हा शार्दूल हसत म्हणाला होता, "चला, आईची पायपीट संपली एकदाची." पोरगं सहज बोललं, पण राजाभाऊंच्या मनाला ते लागून राहिलं. ज्या गाडीवर आपण जीव टाकला, तिने बायकापोरांना उन्हातान्हात चालवलं. वर पोचल्यावर ते तांब्याभर पाणी आणि गुळाचा खडा काढून ठेवायचे, तिघांना उशीर झाला तर दोनदा हॉर्न द्यायचे, आणि उमा आली की तिच्या नजरेला नजर द्यायची टाळायचे.

त्यांनी नारळ सीटवर ठेवला आणि तेही उतरले.

"बाबा, तुम्ही पण? मग मी एकटाच?"

"ज्याची गाडी त्याने चढवायची," उमा म्हणाली. "जा तू पुढे."

गाडी सुळकन वर गेली. साधी कुरकुरली नाही. राजाभाऊंना त्याचाही थोडा राग आला.

नऊ वर्षांत ते ही घाटी पायी चढले नव्हते. दुसऱ्या वळणावर त्यांना दम लागला, सदरा पाठीला चिकटला. बायको सहासात पावलं पुढे, तरातरा चाललेली. शेवटी त्यांनी बोलून टाकलं, "उमा, फार चालवलं गो तुम्हाला या घाटीने. माझ्या मनातून जात नाही ते."

उमा थांबली. तिने वैदेहीकडे पाहिलं. वैदेही करवंदीच्या जाळीत हात घालून हसू दाबत होती.

"सांगून टाक आई आता. विकली ना ती."

मग उमाने सांगितलं. राजाभाऊंना कावीळ झाली त्या वर्षी, ते घरी अंथरुणातच होते म्हणून, कावीळ उतरल्याचा नवस फेडायला कपिला घेऊन आला होता सदू मेकॅनिक. गाडीत उमा, दोन्ही मुलं आणि शिवाय सदूची बायको मैना, ती एकटीच दोघांच्या वजनाची. पायथ्याशी सगळी उतरायला लागली तर सदू म्हणाला, बसा वहिनी, कार्बोरेटर साफ केलाय मी. आणि कपिला सगळ्यांना घेऊन सेकंड गिअरमध्ये वर गेली.

राजाभाऊ रस्त्यातच उभे राहिले. "म्हणजे चढायची ती?"

"चढायची. आम्हालाच नको होतं."

वळणावर काजूच्या झाडाखाली चिऱ्यांच्या कुंपणाचा जुना गडगा होता. उमाने त्यावरचा पाला हाताने झाडला, बसली आणि पिशवीतून स्टीलचा डबा काढला. आत फणसाचे तळलेले गरे होते. काविळीनंतर घरात तळण बंद झालं होतं, ते फक्त राजाभाऊंसमोर. डबा दर खेपेला इथे उघडायचा. वैदेही गणितात नापास झाली ते आईला पहिल्यांदा इथेच कळलं होतं, आणि बाबांना ते कसं सांगायचं हेही इथेच ठरलं होतं. शिवाय इथून राजाभाऊंचा आवाज स्पष्ट ऐकू यायचा. चल गो बाय, लाज राख माझी, अशी ते कपिलाची आर्जवं करत वर जायचे. शार्दूल त्याची हुबेहूब नक्कल करायचा आणि उमाला हसून हसून उठवायचं नाही.

राजाभाऊंचा चेहरा आधी पडला, मग लाल झाला. "आणि मी तिकडे वर गूळपाणी घेऊन उभा. वेड्यासारखा."

"तेही आवडायचं," उमा म्हणाली. "चढून गेल्यावर कोणीतरी आपली वाट बघत असलेलं."

कपिलावरचा ठपका गेला होता, एवढं त्यांना कळलं, आणि छाती एकदम हलकी झाली. ते गडग्यावर उमाशेजारी बसले. तिने डबा पुढे केला. पहिला गरा त्यांनी सावकाश खाल्ला, दुसरा नाही.

वरून हॉर्न वाजला. थोड्या वेळाने पुन्हा, जरा लांबवून. वैदेही घाईने उठली.

"बस गो," राजाभाऊ भरल्या तोंडाने म्हणाले. "वाजवू दे त्याला. मी वाजवायचो तेव्हा कोण यायचं?"

आणि त्यांनी डब्यात परत हात घातला.