पोटावर टेकलेली गाडी

मैदानाच्या फाटकात काल संध्याकाळपर्यंत नुसता रस्ता होता. आज सकाळी तिथे वीतभर उंच स्पीडब्रेकर होता. त्या फाटकातून कुणी कधी जोरात गाडी नेल्याचं आठवत नव्हतं. पण मैदान समितीच्या सेक्रेटरींना सुरक्षिततेची अचानक काळजी वाटू लागली होती, तीही नेमकी गाड्यांच्या प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी.

बाहेर नटवलेल्या गाड्यांची रांग लागली होती. एकीला पंख होते, एकीला डोळ्यांच्या पापण्या होत्या. सगळ्यांत एकच गोष्ट सारखी. गॅरेजच्या गल्लीने वर्षभर खपून त्या इतक्या खाली बसवल्या होत्या, की खालून मांजराला जायचं तर पोट आत घ्यावं लागलं असतं.

पहिली गाडी मावशींची. मावशी गाड्यांच्या सीटा शिवतात. रांगेतला प्रत्येक माणूस त्यांच्याच टाक्यांवर बसला होता, पण प्रदर्शनात त्यांची स्वतःची गाडी यंदा पहिल्यांदाच होती. बाहेरून जांभळी, आतून मखमली. रंगाचा शेवटचा हात परवाच बसला होता.

मागच्या गाडीतून पत्रेवाला उतरून आला. "मावशी, फोडून टाकू का? पाच मिनिटांचं काम आहे."

"आपण हात लावायचा नाही. समितीचं सिमेंट फोडलं की प्रदर्शन कायमचं बंद. तेवढंच तर हवंय त्यांना."

सेक्रेटरी फाटकाच्या आत उभे होते. ते मावशींचे जावई.

"सासूबाई, ठराव झालाय," जावई म्हणाले. "दहापर्यंत ज्या गाड्या आत, त्यांचंच प्रदर्शन. नाही आल्या, तर पुढल्या वर्षीपासून मैदान कुत्र्यांच्या प्रदर्शनाला. तुमच्या गाड्यांचा आवाज फार होतो."

"कुत्री काय कुजबुजतात?"

जावयांनी ते ऐकलं नाही. "तुमच्यासाठी दोन फळ्या आणून ठेवल्यात. तुमची एकटीची गाडी आत घेतो. घरच्या माणसासाठी एवढं करायलाच हवं. बाकीच्यांना परत जायला सांगा."

मावशींनी रांगेकडे पाहिलं. मग गाडीत बसून दार लावून घेतलं.

"फळ्या राहू द्या, जावईबापू. उगाच ओझं," असं म्हणून त्यांनी पहिला गिअर टाकला.

पुढची चाकं उंचवट्यापलीकडे उतरली. मग खालून असा आवाज आला, की रांगेतल्या सगळ्यांनी डोळे मिटले. गाडी पोटावर टेकली आणि शांतपणे डोलू लागली. पुढची चाकं जमिनीला लागली की मागची उचलली जायची, मागची लागली की पुढची. मावशींचा चेहरा एकदाच, क्षणभर, आवळला. मग त्यांनी इंजिन बंद केलं.

"मागे घ्या," जावई म्हणाले.

"मागे माणसं आहेत."

जावयांनी पत्रेवाल्याला त्याची गाडी मागे घ्यायला फर्मावलं. पत्रेवाल्याने अदबीने सांगितलं, की वजन कमी करायला त्याने रिव्हर्स गिअरच काढून टाकलाय. "मागे जायची वेळ येईल असं वाटलं नव्हतं, साहेब."

जावयांनी क्रेनवाल्याला फोन लावला. फोन रांगेतच वाजला. चौथ्या नंबरला क्रेनच उभी होती, चंदेरी चाकांची, सोनेरी हुकाची.

"आज नाही जमायचं," क्रेनवाला तिथूनच, पण फोनवर बोलला. "हुकाचा रंग ओला आहे."

तेव्हा जावयांना आठवलं, की त्यांची स्वतःची गाडी मैदानात आत आहे. आणि मैदानाला फाटक एकच.

"सासूबाई, मला स्टेशनवर जायचंय. तुमची लेक उतरली असेल एव्हाना."

मावशींनी फ्लास्क उघडून झाकणात चहा ओतला. "लहानपणापासून तिला ताटकळायला लागलं की राग येतो. माझ्यावर नाही येणार. मी कुठे न्यायला जाणार होते?"

जावयांच्या खिशात फोन वाजू लागला. त्यांनी नाव बघितलं आणि फोन परत खिशात ठेवला. खिसा वाजत राहिला.

"निदान खाली तरी उतरा. वजन कमी होईल."

"मी नाही उतरणार. दोन वर्षं ही सीट शिवलीय, ती बसायला."

जावयांनी कोट काढला. फाटक आणि गाडी यांच्यामधल्या फटीतून, पोट आत घेऊन, ते बाहेर आले. पत्रेवाला मदतीला पुढे झाला, तर मावशींनी खिडकीतून नुसता हात दाखवून त्याला थांबवलं. जावयांनी एकट्यानेच खांदा लावला. गाडी कण्हत, खरवडत पुढे सरकू लागली.

"हळू, जावईबापू. रंग नवा आहे."

गाडी धाडकन आत उतरली. स्पीडब्रेकरवर एक लांब जांभळा पट्टा राहिला.

जावई किल्ली हातात घेऊन आपल्या गाडीकडे धावले. ते आत बसून इंजिन सुरू करतात तोच फाटकातून पुन्हा तसाच आवाज आला. पत्रेवाल्याची गाडी पोटावर टेकून डोलत होती. त्याने काच खाली केली, कोपर बाहेर काढलं आणि तो आकाशाकडे बघत बसला. त्याच्या मागच्याने इंजिन चालू केलं.

मावशींनी आरसा सरळ केला. आरशात जावई उतरून उभे होते. त्यांनी फाटकाकडे पाहिलं, मग रांगेच्या शेवटापर्यंत पाहिलं. खिसा अजून वाजत होता.

"कुदळ आहे का कुणाकडे?" त्यांनी विचारलं.

रांगेतल्या डिक्क्या एकापाठोपाठ एक उघडत गेल्या.