बॉयकॉटचं पुढे काय झालं

सोसायटीच्या चेअरमनला गच्चीवर स्वतःसाठी खोली बांधायची होती आणि इंग्रजीचे निवृत्त मास्तर एकटेच आडवे आले. झालं, हुकूम सुटला: मास्तरांशी कुणी बोलायचं नाही, बोलेल त्यालाही वाळीत टाकू. खोटं कशाला सांगू, मास्तरांच्या दारावरून जाताना डासदेखील गुणगुणणं थांबवायचे.

महिनाभराने मास्तरांनी जिन्यात खुर्ची टाकली आणि बंद दारांनाच शिकवायला घेतलं.

"आजचा शब्द, बॉयकॉट. अर्थ तुम्हाला माझ्यापेक्षा चांगला ठाऊक आहे, तेव्हा उगम ऐका. बॉयकॉट हे एका माणसाचं आडनाव. जमीनदाराचा कारभारी, कुळांना घराबाहेर काढायला निघालेला. लोकांनी त्याच्याशी बोलणंच टाकलं. पीक कापायला मजूर मिळेना, दुकानदार माल देईना."

दारं किलकिली झाली. एका घरात तर कुकरने शिट्टी आवरून धरली.

"तेव्हा शेवटी त्या बॉयकॉटने..." मास्तर थांबले आणि चष्मा पुसू लागले. पुसतच राहिले.

न राहवून चेअरमन जिन्यात आला. "अहो, काय केलं त्याने? पुढे बोला की."

सगळ्या फटींतून डोळे त्याच्याकडे वळले. मग एकेक दार बंद झालं. शेवटचं त्याच्या स्वतःच्या घराचं. बायकोनेच आतून कडी घातली.

"मास्तर," चेअरमन हळूच म्हणाला, "तुम्ही तरी बोला हो."

मास्तरांनी चष्मा चढवला, खुर्ची उचलली आणि चेअरमनचा हुकूम पहिल्यांदाच पाळला.