ढोल नसलेली गाणी

"यात ढोल आहे?" मुक्ताने विचारलं. ती दारातच उभी होती, एक पाय घरात, एक ओट्यावर.

देवेशने पिशवीतून ग्रामोफोनच्या तबकड्या काढून चटईवर मांडल्या. सकाळीच डहाणू रोडला जाऊन जुन्या सामानाच्या दुकानातून त्याने त्या आणल्या होत्या. नाट्यपदं, कव्वाली, सॅक्सोफोनवर वाजवलेली सिनेमाची गाणी, कुठल्याशा विलायती वाद्यवृंदाची एक, आणि गुजराती गरब्याची एक, जिच्या कव्हरचा कोपरा उंदराने कुरतडला होता. एरवी असा नवा माल घरात आला की बाप-लेक जेवणखाण विसरून ऐकत बसत.

तलासरीत भूकंपाचे हादरे पुन्हा सुरू झाले आणि ते बंद पडलं. आधी जमिनीखालून आवाज यायचा, डंपरने खडी ओतावी तसा, आणि त्याच्यामागून धक्का. सात वर्षांच्या मुक्ताला तो आवाज आता कशातही ऐकू यायचा. हायवेवरून ट्रेलर गेला, शेजारच्या चंद्रिकाबेननी मसाला कुटायला घेतला, की ही असेल तिथून उठून अंगणात. वर्गातूनही पळते, असं बाईंनी सांगितलं होतं. रात्री अंगणातल्या ताडपत्रीखाली सगळे झोपले तरी ती आईला बिलगून जागीच. देवेश पंचायत समितीत कारकून होता. दिवसभर लोकांना 'घाबरून जाऊ नका' सांगायचा आणि घरी आल्यावर तेच लेकीला. धक्क्यांची त्याला सवय झाली होती. तिच्या त्या ताठ मानेची आणि टवकारलेल्या कानांची मात्र होईना.

त्याने आधी सॅक्सोफोन लावला. मुक्ता आत आली आणि दाराजवळच टेकली. मग नाट्यपदं. तबला सुरू झाला तेव्हा तिने मान वर केली, जरा ऐकलं आणि म्हणाली, "हा चालेल."

मग देवेशने मुद्दामच गरब्याची तबकडी काढली.

"यात आहे ढोल," तो म्हणाला. "पण आज आपण त्याला पकडायचं." त्याने तिचा तळवा स्पीकरच्या जाळीवर ठेवला आणि वरून आपला हात ठेवला.

पहिल्या ठोक्याला ती दचकली. त्याने हात सोडला नाही.

"कुठून येतंय?"

"यातून."

"जमिनीतून येतंय का?"

"नाही."

"मग?"

दुसऱ्या गाण्याला तिचे खांदे सैल पडले. तिसऱ्याला ती चक्क हसली. तळव्याला गुदगुल्या होतात म्हणाली.  देवेशने आवाज आणखी वाढवला.

ओट्यावर वाल सोलत बसलेल्या रुचिताने आत वळून पाहिलं. "अहो, हळू लावा. बाहेरचं काही ऐकू येत नाही."

"तेच तर हवंय," तो म्हणाला.

ढोल रंगात आला होता. आणि मुक्ताचं हसू थांबलं. तिने हात मागे ओढून घेतला. ती स्पीकरकडे नाही, खाली फरशीकडे पाहत होती.

"बाबा, हा दुसरा आहे."

"दुसरा नाही गं. तोच."

ती उठली. देवेशने तिचं मनगट धरलं. "थांब. ऐक नीट, ढोलच आहे. मुक्ता, थांब म्हटलं ना!"

ती जिवाच्या आकांताने हात सोडवू लागली. त्याची मूठ आणखी घट्ट झाली. आज जर ही पळाली, तर परत कधी घरात पाय ठेवणार नाही, एवढंच त्याच्या डोक्यात होतं.

सुई करकरत तबकडीवरून घसरली. गाणं बंद झालं, पण ठोका चालूच राहिला. त्याच्या मांडीखालची चटई सरकली.

मुक्ताला उचलून तो दाराकडे धावला. उंबऱ्याला ठेच लागली आणि दोघं ओट्यावर पडली. मागे कौलं धडाधड कोसळली. रुचिता त्यांची नावं घेऊन ओरडत होती. चंद्रिकाबेन रस्त्यावरून सगळ्यांना बाहेर बोलावत होत्या, "बहार आवो! बधा बहार आवो!"

मग सगळं थांबलं. दारातून धुरळा बाहेर आला. धुरळा खाली बसला तेव्हा आतलं दिसलं. स्पीकरच्या जागी कौलांचा ढीग पडला होता आणि त्यावर वरून लख्ख ऊन आलं होतं.

रुचिताने लेकीला अंगणात नेलं. डोकं चाचपलं, पाय पाहिले, हात पाहिले. मनगटावर बोटांचे लाल वळ उठले होते.

"हे कशाने?"



"मी धरलं होतं," देवेश म्हणाला.

रुचिताने त्याच्याकडे पाहिलं आणि ते मनगट आपल्या पदराखाली घेतलं.

"बाबा," मुक्ता म्हणाली, "तोही ढोलच होता ना?"

ती त्याच्या तोंडाकडे पाहत होती. तो हो म्हणाला असता तर तिने ऐकलं असतं. आज रात्री कदाचित झोपलीही असती.  देवेश तिच्यासमोर गुडघ्यांवर बसला.

"नाही," तो म्हणाला. "ढोल नव्हता. तुला बरोबर कळलं होतं. असं कळलं की पळायचं."

"तू थांब म्हणालास तरी?"

"मी थांब म्हटलं तरी."

तिने मान डोलावली. मग आईच्या पदराखालून हात काढून घेतला, दोघांपासून जराशी बाजूला सरकली आणि कान देऊन एकटीच उभी राहिली.